छऱ्याचं मशीन

आई, पोलादपूरच्या एसटी स्टँडजवळ एक हॉटेल आहे. तिथे भजी तळायच्या भट्टीमागे पत्र्याची शेड आहे, त्या शेडमध्ये एक मशीन उभं आहे आणि ते विकत घ्यावं की नाही हे मला ठरवता येत नाही. रविवारी भंगारवाला ते उचलून नेणार. आज बुधवार. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, चौदा वर्षांत मी तुला एक शब्द विचारला नाही, आणि आता विचारते आहे ते हे असलं. हसू नकोस. घरात विचारून झालं. तिथून जे उत्तर आलं त्याचा मला इतका राग आला आहे की सकाळपासून मी भांडी आपटते आहे. म्हणून वही घेऊन पडवीत येऊन बसले.

तुझा जावई तू पाहिला नाहीस. महाड डेपोला ड्रायव्हर आहेत. माणूस सरळ, बोलणं त्याहून सरळ. महाबळेश्वरची गाडी बहुतेक त्यांच्याकडे असते, आणि आंबेनळी घाट उतरून खाली आले की पोलादपूरला चहा प्यायचा हे ठरलेलं. महिन्यापूर्वी एकदा घरी येऊन टोपी खुंटीला अडकवता अडकवता म्हणाले, "काय गो, त्या हाटेलवाल्याकडं एक मशीन आलंय. चार पायांचं, वर काच, आत दिवे, नि छर्रा पळतो म्हणं. पण पळत नाय. धूर आला नि गप झालं. बघशील काय येऊन?" मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणजे जगात बंद पडलेली प्रत्येक वस्तू माझ्या माहेरची आहे असं त्यांना वाटतं. मी म्हटलं, बघू. मे महिन्याची सुट्टी लागली, पेपर तपासून झाले, पापड झाले, करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा गेल्या रविवारी त्यांच्याच गाडीत बसून गेले.

मशीन म्हणजे खेळ आहे, आई. उतरत्या फळीवर एक लोखंडी छर्रा सोडायचा. सायकलच्या चाकात असतो तसाच, पण लिंबाएवढा मोठा. तो गडगडत खाली यायला लागला की वाटेत तऱ्हेतऱ्हेच्या टोप्या आणि रबरं, त्यांच्यावर आपटला की त्या त्याला लाथ मारून परत वर धाडतात. अगदी खाली दोन आखूड दांड्या असतात, त्या दोन बाजूंच्या बटणांनी हलवायच्या आणि छर्रा भोकात जाऊ द्यायचा नाही. एवढाच खेळ. उभ्या काचेवर एक जहाज रंगवलेलं आहे आणि दुर्बीण लावलेली एक गोरी बाई. बाईच्या गालाचा रंग उडाला आहे. पेटीवरच्या इंग्रजी अक्षरांत पिनबॉल असं लिहिलेलं आहे, पण पोलादपुरात त्याला सगळे छऱ्याचं मशीन म्हणतात, आणि मटक्याचं म्हणणारेही काही आहेत.

हॉटेलवाले काका साठीचे असतील. त्यांच्या मेहुण्याचं महाबळेश्वरच्या बाजारात खेळांचं दुकान आहे, तिथे नवी लग्न झालेली जोडपी नाणी टाकून हे खेळायची. आता तिथे टीव्हीसारखे नवे खेळ आले, म्हणून मेहुण्याने हे स्ट्रॉबेरीच्या टेम्पोत घालून खाली पाठवून दिलं. काकांना वाटलं, हायवेची गिऱ्हाइकं चहा येईपर्यंत खेळतील. मी मागची फळी उघडली. आत पेटीच्या तळाला एक चौकोनी डाग होता, चार स्क्रूंची भोकं होती आणि कापलेल्या दोन वायरी एकमेकींना पीळ घालून जोडलेल्या होत्या. मी विचारलं, "काका, इथे काय होतं?"

"तो डबा? जाम जड व्हता. चौघांनी मशीन उतरवलं तवा कंबरडं मोडलं आमचं. मला वाटलं, मशीन हलू नये म्हणून वजन ठेवलं आसंल."

"मग तो गेला कुठे?"

काकांनी बोट वर केलं. डबा शेडच्या छपरावर होता. चैत्रात वारा सुटतो, पत्रा उडायला बघतो, म्हणून सगळेच छपरावर दगड ठेवतात, तसा काकांनी तो डबा ठेवला होता. मी त्यांना सांगितलं की हे परदेशी मशीन आपल्या निम्म्या दाबाच्या विजेवर चालतं आणि तो डबा आपली वीज निम्मी करून देतो, त्याला ट्रान्सफॉर्मर म्हणतात. काकांनी डब्याकडे आदराने पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे मी त्याला डब्बल पाजली." मी म्हटलं, हो. फ्यूज उडाला नाही का, असं विचारलं तर म्हणाले, दोनदा उडाला, मग तिथे जाड तार बांधली. मला हसू आवरेना, आणि तेवढ्यात आतून तो वास आला.

तो वास तुला सांगायला नको. जळालेल्या तांब्याच्या तारेचा, करपलेल्या व्हार्निशचा. चौदा वर्षं मी तो घेतला नव्हता. विजेवर चालणाऱ्या त्या सबंध पेटीत वायरींचं जंगल होतं, पण माझी नजर सरळ टोप्यांखालच्या कॉइलींवर गेली. तीन काळ्या पडल्या होत्या. बाकी सगळं शाबूत दिसत होतं. म्हणजे काम काय होतं, तर तीन कॉइली नव्याने भरायच्या, त्यांच्यावर तांब्याची तार पुन्हा गुंडाळायची. आई, मी त्या शेडमध्ये मांडी घालून बसले आणि मला रडू आलं. काका घाबरले आणि त्यांनी चहा मागवला.

त्या वासासरशी आपलं जुनं घर डोळ्यांपुढे आलं: दुपारची जेवणं झालेली आहेत. चूल विझलेली आहे. तू स्वयंपाकघराची जमीन ओल्या फडक्याने पुसून घेतेस, कारण तारेला धूळ चालत नाही, आणि खिडकीखाली पाटावर हातमशीन मांडतेस. एका बाजूला फिरवायचा दांडा, दुसऱ्या बाजूला लाकडी फर्मा, मागे तांब्याच्या तारेचं रीळ. बाबांचं दुकान डेपोच्या रस्त्याला, पाटी बाबांच्या नावाची, 'मोटारी भरून मिळतील' असं ठळक अक्षरात. पण मोटारी बाबा नुसत्या खोलायचे आणि जोडायचे. भरायचीस तू. पंख्याच्या कॉइलीला तीन-चारशे वेढे, रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरला हजारावर. मशीनवरचा आकड्यांचा काटा कधीच मोडला होता, म्हणून तू तोंडाने मोजायचीस आणि दर शंभराला एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत टाकायचीस. मध्ये कुणी बोलायचं नाही. पण शेजारणी बोलायच्याच. आणि तू मोजणी न सोडता त्यांना आकड्यांतच उत्तर द्यायचीस. "दोनशे चाळीस" हळू आणि लांब म्हटलंस की बस जरा, आत्ता होतंय. मान हलवून "तीनशे दोन, तीनशे तीन" म्हटलंस की डाळ फडताळात आहे, घेऊन जा. आणि "पाचशे एक!" असं ठासून म्हटलंस की चालती हो. अख्ख्या आळीला ही भाषा येत होती. समोरच्या काकू एकदा मला म्हणाल्या होत्या, "तुझ्या आयशीनं आज मला सातशे नव्वद सांगितलं. काय केलं गो मी?"

मला ती भाषा आली नाही. मॅट्रिकची परीक्षा झालेली होती, तुला ताप भरला होता, आणि बाजारातल्या शिंप्याचा टेबलफॅन अडून बसला होता. तू अंथरुणातून म्हणालीस, "भर तू. बघितलंयस की इतकी वर्षं." मला किती आनंद झाला होता ते मी तेव्हा तुला दाखवलं नाही. मी जमीन दोनदा पुसली. चिंचोके धुतले. तीन कॉइली नीट झाल्या. चौथीला खिडकीतून मैत्रिणीने हाक मारली, तळ्याकडे जायचं का म्हणून. तू असतीस तर "दोनशे सत्तर" म्हणाली असतीस आणि ती पोरगी निमूट गेली असती. मी "आले गं" म्हणाले. आणि आकडा गेला. नियम मला माहीत होता: आकडा गेला की सगळी तार सोडायची आणि एकपासून सुरू करायचं. मी तार सोडली नाही. तीनशे असतील असं मनाशी धरलं, वाटीत एक चिंचोका टाकला आणि पुढे भरत गेले.

चार दिवसांनी शिंपी पंखा काखेत मारून घरी आला. मोटार तापून धूर निघत होता. तू तापातून नुकती उठली होतीस. तू ओरडली असतीस तर मी विसरले असते. तू माझा उजवा हात ओढून घेतलास, उताणा केलास, बघितलास आणि शांतपणे म्हणालीस, "ह्यो हात ह्या कामाचा नाय गो. तू आपली पुस्तकं वाच." मग पाटावर बसून ती कॉइल एकेक वेढा सोडत मोजलीस. साडेतीनशेच्या जागी तीनशे वीस भरले. मला आकडा सांगितला नाहीस, पण मी दाराआडून ऐकला. त्यानंतर कधी मला दांडा धरू दिला नाहीस. पंधरा दिवसांनी तू मला शाईचं पेन आणून दिलंस, हिरवं, सोनेरी टोपणाचं. मी कॉलेजात गेले. दोन वर्षांनी तू काविळीत गेलीस.

लोक मला समजावतात. माझी एक सहकारी बाई आहे, ती म्हणते, अगं, आईला तुला शिकवायचं होतं, त्या स्वयंपाकघरातून तुला बाहेर काढायचं होतं म्हणून ती तसं म्हणाली. ऐकायला छान वाटतं. पेन होतंच, तेही या बाजूने बोलतं. पण मी तुला ओळखते. तू असलं काही उदात्त मनात धरून बोलणारी नव्हतीस. पंखा परत आला याचा तुला संताप आला होता, आणि माझ्या हाताबद्दल तुला जे दिसलं ते तू बोललीस. पुढे मास्तरीण होऊन दहा वर्षं मी विजेचं सगळं शिकवलं. दरवर्षी खिळ्याभोवती दहा वेढे घालून मुलांना लोहचुंबक करून दाखवते. दहाच. अकरावा घालायची वेळ आली की मी मुलांच्या हातात तार देते. बाबांनी दुकान विकलं तेव्हा तुझं हातमशीन मी मागून घेतलं होतं, ते आठ वर्षं माळ्यावर आहे. धूळ झटकायलासुद्धा खाली काढलं नाही.

रविवारी मी जळालेली एक कॉइल स्क्रू काढून, वायरी कापून बरोबर आणली. काका म्हणाले, "न्या बाई, जळलेलीच हाय. पण पुढच्या रविवारी भंगारवाला येणार हाय, तवा घ्यायचं तर त्याच्याआधी सांगा. पाऊस लागला की ही शेड गळते. मंग ते मशीन कुजंल, नि मी रोज त्याच्या तोंडाकडं बघत बसन." त्यांची अपेक्षा फार नाही, भंगारवाला देईल तेवढंच त्यांना हवं आहे. अडचण जागेची. आपली पडवी एवढीशी, त्यात सुट्टी संपली की माझ्या शिकवणीची मुलं बसतात, आणि ड्युटीवरून आल्यावर ह्यांची खाट असते. पण आई, खरी अडचण ती नाही. मशीन घरी आणलं आणि माझ्याकडून भरलं गेलं नाही तर ते पडवीत उभं राहील, आणि रोज सकाळी केर काढताना तू मला तेच सांगशील. आणि नाही आणलं, तर भंगारवाला ते फोडेल, तांबं वेगळं, लाकूड वेगळं, आणि मला जन्मभर वाटत राहील की मी घाबरले.

हेच मी काल संध्याकाळी ह्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, शिंप्यासकट. ते पाय धुवत होते. पाय पुसून झाल्यावर म्हणाले, "मशीन पायजे तर घे. खाट मागल्या दारी टाकू. पण तुझ्या आयशीला उत्तर द्यायला घेत असशील तर नको घेऊ. ती काय बघायला येणार हाय?"

मी ताडकन उठून आत गेले. त्यांना काय कळतं, त्यांची आई खणखणीत आहे, रोज त्यांना उत्तरं देते. पण रागाचं कारण वेगळं आहे. मला खरंच माहीत नाही. मला ते मशीन हवं आहे की तुला माझा हात दाखवायचा आहे? दुसरं असेल तर ते लाकूड आणि ती काच घरात आणून ठेवणं हा मूर्खपणा आहे. एक तिशी ओलांडलेली बाई, मेलेल्या आईशी वाद घालायला चार पायांचं मशीन विकत घेते. कुणी ऐकलं तर काय म्हणेल. तू काय म्हणशील? तू तर आकड्यात काहीतरी बोलून मोकळी होशील.

आज शनिवार. बुधवारी इथवर लिहून वही मिटली होती. मधल्या तीन दिवसांत जे झालं ते सांगते, क्रमाने सांगते, नाहीतर मी उत्साहात घोटाळा करीन.

गुरुवारी जळालेली कॉइल उलगडली. तार करपून एकमेकींना चिकटली होती, दर चार वेढ्यांना तुटायची. तुकडे मोजत गेले. मी चिंचोके घेतले नाहीत; मास्तरीण आहे, कागदावर पाच-पाचच्या रेघा मारल्या. सकाळी बसले ती दोन वाजता उठले. साडेनऊशेच्या आसपास वेढे निघाले. दुपारी बाजारात जाऊन त्याच जाडीची तार आणली. दुकानदाराने विचारलं, कशाला हवी? मी म्हटलं, शाळेच्या प्रयोगाला. शुक्रवारी सकाळी ह्यांनी माळ्यावरून हातमशीन काढून दिलं. त्यावर त्यांना बोलू दिलंच नाही. दांड्याला दोन थेंब तेल घातलं. दुपारी कॉइल भरली. फारसं काही सांगण्यासारखं नाही, भरली. वरून व्हार्निश लावून उन्हात ठेवली.

आज सकाळी पोलादपूरला गेलो. ह्यांनी मुद्दाम रजा टाकली होती. आधी हे छपरावर चढले आणि डबा उतरवून दिला. डब्यावर कावळ्यांनी केलेलं सगळं पुसलं, झाकण उघडून बघितलं, आत कोरडं ठणठणीत होतं, म्हणून तो पुन्हा जुन्या जागी जोडला. काकांची जाड तार काढून खरा फ्यूज बसवला. बाबांची एक युक्ती मला आठवत होती: संशयाच्या वस्तूला सरळ वीज द्यायची नाही, मध्ये एक मोठा दिवा जोडायचा. आत कुठे भानगड असेल तर दिवा भगभगून पेटतो आणि वस्तू वाचते. काकांनी गल्ल्यावरचा दोनशे वॅटचा बल्ब काढून दिला. उरलेल्या दोन जळक्या कॉइलींच्या वायरी सोडवून बाजूला बांधल्या. माझी कॉइल मधल्या टोपीखाली बसवली. तोपर्यंत शेडमध्ये वीसेक माणसं जमली होती; मुंबईच्या गाडीचे उतारू चहाचे पेले घेऊन आले होते, आणि त्यांतला एक जण हिंदीत सल्ले देत होता.

बटण दाबलं. दिवा लालसर झाला आणि तसाच राहिला. धूर नाही. मग मशीनच्या आत काहीतरी कुरकुर करत फिरलं, आकड्यांची चाकं एकामागून एक शून्यावर आली, आणि जहाजामागचे दिवे लागले, सगळे नाहीत, अर्धेअधिक. मी दिवा काढून सरळ जोडणी दिली. मशीनच्या कडेचा दांडा ओढून छर्रा सोडला. तो वरून वळसा घेऊन खाली आला, एका मेलेल्या टोपीवरून घरंगळला, दुसऱ्या मेलेल्या टोपीला टेकला आणि मधल्या टोपीला लागला. ठक! टोपीने त्याला असं उडवलं की तो थेट वरच्या काठाला जाऊन आपटला. घंटी वाजली. दहा गुण चढले. परत आला, परत ठक. हिंदीवाला माणूस टाळ्या वाजवायला लागला. हे माझ्याकडे न बघता काचेकडे बघत होते, पण कान लाल झाले होते.

काका ओरडले, "अगो बाय, ह्यो जिता झाला!" मग त्यांनी स्वतः छर्रा सोडला. मग पुन्हा सोडला. मग एका उतारूला सोडू दिला, आणि त्याच्याकडून नाणं घेतलं. आणि मग माझ्याकडे वळून, जरा नजर चुकवत म्हणाले, "बाई, आता विकायचं कशाला? आता चालतंय की."

आई, इथे गंमत झाली. तू विचार कर. उत्तर द्यायचं होतं ते देऊन झालं होतं. कॉइल भरली होती, बसली होती, वीस माणसांसमोर चालत होती, तापत नव्हती, मी दर पाच मिनिटांनी हात लावून बघत होते. तुझ्याशी असलेलं माझं भांडण तिथे, त्या भज्यांच्या वासात, मिटलं होतं. मी खुशाल नमस्कार करून, परतीची गाडी पकडून घरी येऊ शकले असते. खाट पडवीतच राहिली असती. आणि मला काय झालं माहीत आहे? मला ते मशीन हवं होतं. त्या उरलेल्या दोन टोप्यांची कामं मला करायची होती. न लागलेले दिवे का लागत नाहीत ते मला शोधायचं होतं. त्या वायरींच्या जंगलात कोणती कुठे जाते याचा नकाशा मला कागदावर काढायचा होता, आणि गोऱ्या बाईच्या गालाला रंगही द्यायचा होता. मी लहान मुलीसारखी म्हणाले, "नाही काका. मला पाहिजे."

काका म्हणाले, "आवो पण—"

मी म्हटलं, "पाऊस लागल्यावर ही शेड गळते, असं तुम्हीच म्हणालात. पहिल्या सरीत हे पुन्हा जळेल, आणि तेव्हा मी येणार नाही. आणि दोन टोप्या मेलेल्या आहेत, त्या मी माझ्या घरी भरीन. इथे नाही भरणार." मी असं कुणाशी बोलत नाही. वर्गातसुद्धा नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मंगळवारपासूनचा माझा राग गेला, कारण ते हसू दाबत होते.

काकांनी छपराकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, बराच वेळ डोकं खाजवलं. शेवटी म्हणाले, "घेऊन जा. नातवंडं सुट्टीला आली की महाडला घेऊन येन, त्यांना खेळू द्यायचं. पण तो डबा ठेवून जा बाई. पत्रा उडंल माझा."

डब्याशिवाय ते चालत नाही हे मी त्यांना तिसऱ्यांदा समजावलं. त्यांना ते पटलं, पण पत्र्याचं काय, हा प्रश्न उरतोच असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा तुझ्या जावयाने बोलणी हातात घेतली आणि दोन मोठे जांभ्याचे चिरे, स्वतः आणून, स्वतः छपरावर चढवून देईन, असं कबूल केलं. सौदा झाला. भंगारवाल्याला काका उद्या रिकाम्या बाटल्या देणार आहेत. परवा ओळखीचा टेम्पो महाडला यायचा आहे, त्यातून मशीन येईल. मगाशीच खाट मागल्या दारी गेली. पडवी आत्ता इतकी मोठी दिसते आहे की शिकवणीची मुलं कुठे बसवायची ते मला सुचलंसुद्धा.

म्हणजे तुला जे विचारायला बसले होते ते विचारायची गरज राहिली नाही. हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्न तसाही होता. वही शाळेची आहे, पुढच्या पानांवर दोन कॉइलींचा हिशेब आणि वायरींचा नकाशा येईल, त्यामुळे पानं फाडणारही नाही. तुझ्या हाताबद्दल मी एवढंच म्हणेन की तो माझ्याहून दुप्पट वेगाने चालायचा, आणि माझ्या हाताबद्दल तू चुकलीस. दोन्ही खरं आहे आणि मला आता दोन्हीचं काही वाटत नाही.

फक्त एक गोष्ट वर लिहिताना मी गाळली. शुक्रवारी दुपारी फारसं काही सांगण्यासारखं झालं नाही असं म्हटलं ते खरं नाही. मी दार लावून घेतलं, खिडकीखाली बसले आणि दोन तास तो दांडा फिरवत होते. आकडा एकदाही गेला नाही. साडेनऊशे झाले, तार कापली, मान वर केली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या दोन तासांत, आई, मला तुझी एकदाही आठवण झाली नव्हती. मला फार मजा येत होती.